नवं सॉफ्टवेअर लिहिण्याआधी गाळ्यावर येऊन बसा

प्रति,
आडत-हिशोबाचं सॉफ्टवेअर बनवणारे संचालक आणि त्यांचे सहकारी,
नाशिक

विषय : आडत सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती लिहिण्याआधी, ते रोज वापरणाऱ्यांचं काम प्रत्यक्ष पाहण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

तुमचं सॉफ्टवेअर आम्ही पंचवटीतल्या मार्केट यार्डात, भाजीपाल्याच्या आडतीवर, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या गाळ्यावर वापरतो. मी त्या गाळ्यावर हिशोबाला आहे. दुपारी शेतकऱ्यांच्या गाड्या लागायला सुरुवात झाली की माझ्यासमोर तुमची स्क्रीन उघडते, ती रात्री मुंबईचा माल भरून गाड्या निघेपर्यंत बंद होत नाही. तुमच्या ऑफिसातल्या कुणाहीपेक्षा ती मी जास्त पाहिली असेल. म्हणून हे पत्र लिहायचा मला अधिकार आहे, असं मी समजते.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. यार्डात आडतीची जी काही सॉफ्टवेअरं चालतात ती थोड्याफार फरकाने एकाच पिढीतली आहेत, आणि त्यातल्या जवळपास प्रत्येकाची ‘नवीन आवृत्ती येतेय’ असं गेल्या काही महिन्यांत ऐकू येतंय. त्यामुळे हे पत्र त्या सगळ्यांनाच आहे.

जुनं बदलायलाच हवं, यात दुमत नाही. आमच्या गाळ्यावरचा प्रोग्रॅम व्हिज्युअल फॉक्सप्रो या प्रोग्रॅम लिहायच्या जुन्या साधनावर बेतलेला आहे. मायक्रोसॉफ्टने त्याची शेवटची आवृत्ती २००४ मध्ये काढली, पुढची काढणार नाही हे २००७ मध्ये सांगून टाकलं आणि जानेवारी २०१५ मध्ये त्याचा सपोर्टही संपवला. ज्या विंडोज १० वर तो आमच्याकडे चालतो, तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एखाद्या दिवशी मशीन बसलं तर मार्केटमधल्या निम्म्या गाळ्यांचा उधारीचा हिशोब अडकेल, ही भीती मला तुमच्यापेक्षा जास्त वाटते, कारण त्या संध्याकाळी शेतकरी माझ्यासमोर उभा असणार आहे. तेव्हा नवं आणा, लवकर आणा. माझं म्हणणं एवढंच आहे, की ते लिहायला बसण्याआधी आमच्याकडे येऊन बसा.

तुम्ही आम्हाला विचारलं नाही असं मी म्हणत नाही. व्हॉट्सॲपवर एक फॉर्म आला होता. इंग्रजीत होता, पाचपैकी किती स्टार द्याल असं विचारलं होतं, आणि खाली ‘नवीन आवृत्तीत काय हवं’ म्हणून एक यादी होती : मोबाईल ॲप, डॅशबोर्ड, ग्राफ, एसएमएस, क्लाउड बॅकअप. तो फॉर्म मालकांच्या फोनवर आला, त्यांनी मुलाकडे दिला आणि मुलाने सगळ्यावर टिक केलं. का नाही करणार? फुकट विचारलं तर कुणीही सगळंच हवं म्हणतो. हायवेवरच्या एका हॉटेलात डेमो ठेवला होता, त्यालाही मालक गेले. रंगीत ग्राफ दाखवले, चांगले वाटले, जेवण झालं. सॉफ्टवेअरचे पैसे मालक देतात हे खरं, पण पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायची विक्रीची पावती, ते फाडत नाहीत. पट्टी मी फाडते, माझ्यासारखे इतर गाळ्यांवरचे मेहता, म्हणजे हिशोबनीस, फाडतात, आणि ती वाचतो शेतकरी. या दोघांपैकी एकालाही तुमच्या हॉटेलातल्या खुर्चीवर जागा नव्हती.

या विषयावर मी थोडं वाचलं, कारण आपण मागतोय ते अवाजवी तर नाही ना, हे मला बघायचं होतं. अमेरिकेत इंट्युइट नावाची हिशोबाच्या सॉफ्टवेअरची कंपनी आहे, १९८३ मध्ये सुरू झालेली. स्कॉट कुक हे तिचे एक संस्थापक. घरखर्चाचा हिशोब ठेवायला त्यांनी क्विकन नावाचा प्रोग्रॅम काढला. तो दुकानातून विकत घेणाऱ्या माणसाची परवानगी घेऊन कंपनीची माणसं त्याच्याबरोबर थेट त्याच्या घरी जात आणि तो प्रोग्रॅम कसा बसवतो, कुठे अडतो, कुठे चरफडतो हे बघत बसत. अशा बघण्यातून आणि विचारण्यातून त्यांना एक भलतीच गोष्ट कळली. घरासाठी केलेला हा प्रोग्रॅम पुष्कळ लोक आपल्या छोट्या धंद्याच्या हिशोबाला वापरत होते. त्यांना नावे-जमा, खतावणी असलं काही येत नव्हतं, म्हणून ‘खरं’ अकाउंटिंग सॉफ्टवेअर त्यांना नको होतं. त्यातून १९९२ मध्ये क्विकबुक्स आलं आणि पुढे तेच कंपनीचं मोठं उत्पादन झालं. ‘घरखर्चाच्या प्रोग्रॅममध्ये आणखी काय हवं’ असा फॉर्म पाठवून हे कधी हाती लागलं असतं?

आमच्याकडे येऊन बसलात तर काय दिसेल, त्यातल्या दोन-तीन गोष्टी सांगते.

पहिली कोथिंबिरीची. आपल्याकडे पालेभाजी जुडीवर जाते आणि बोली शेकड्याची होते, हे तुम्हाला सांगायला नको. समजा, एका शेतकऱ्याने ४५० जुड्या आणल्या आणि लिलाव १,८०० रुपये शेकड्याला तुटला. त्याचे ८,१०० रुपये झाले. तुमच्या स्क्रीनवर ‘नग’ आणि ‘दर’ असे दोन रकाने आहेत आणि प्रोग्रॅम त्यांचा सरळ गुणाकार करतो. शेकडा त्याला माहीत नाही. नगात ४५० आणि दरात १,८०० टाकले तर पट्टी आठ लाख दहा हजारांची होईल. दरात १८ टाकावेत तर लिलावात पुकारलेला भाव पट्टीवर दिसत नाही, आणि शेतकरी सगळ्यात आधी तोच भाव बघतो. म्हणून यार्डातले आम्ही सगळेच नगात ४.५० टाकतो. पट्टी छापून येते त्यावर ‘नग ४.५०’ असतं. शेतकरी विचारतो, माझ्या साडेचारशे जुड्या गेल्या कुठे? मग मी पेनाने बाजूला ‘४५० जुडी’ लिहिते आणि पट्टी हातात देते. गर्दीच्या दिवशी अशा किती पट्ट्यांवर पेन चालतं ते येऊन बघा. दिवसअखेर आवक अहवाल काढला तर कोथिंबीर ‘३१’ येते. एकतीस काय, ते प्रोग्रॅमला सांगता येत नाही.

त्याच गाडीतून टोमॅटो आला असेल तर तो वीस किलोच्या जाळीवर, म्हणजे क्रेटवर, जातो. एकाच शेतकऱ्याच्या मालात एक नंबर, दोन नंबर आणि गोल्टी (बारीक माल) असे तीन भाव निघतात, आणि एक नंबरचा माल दोन खरेदीदारांत वाटला जातो. तुमच्या प्रोग्रॅमच्या हिशोबाने एक आवक म्हणजे एक खरेदीदार. तेव्हा मी आधी पूर्ण मालाची पट्टी करते, ती रद्द करते आणि मग तुकडे करून पुन्हा भरते, कारण तसं केल्याशिवाय गाडीचं भाडं एकदाच कापलं जात नाही. ही युक्ती मला आधीच्या मेहतांनी शिकवली, त्यांना आणखी कुणी शिकवली असेल.

हे इतकं खोलात सांगायचं कारण आहे. तुमच्यातल्या एकाने डेमोच्या वेळी मालकांना सांगितलं म्हणे, की नव्या आवृत्तीत आम्ही कोणतं बटण किती वेळा दाबलं जातं ते मोजणार आहोत, म्हणजे वापरणाऱ्याला काय हवं ते आपोआप कळेल. मोजा, मोजण्यात चूक काहीच नाही. वर्ड २००३ मध्ये लोक काय वापरतात हे मायक्रोसॉफ्टने मोजलं, तेव्हा पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाचच कमांडमध्ये सुमारे ३२ टक्के वापर सापडला. असा आकडा हाताशी असला की काय ठळक ठेवायचं ते कळतं. पण माझ्या मशीनवर मोजाल तर ‘पट्टी रद्द’ हे बटण फार वर दिसेल. त्यावरून तुम्ही काय समजाल? गाळ्यावरची बाई फार चुका करते, तिच्यासाठी ‘तुम्हाला नक्की रद्द करायचं आहे का’ असा आणखी एक डबा टाका. माझ्यामागे अर्धा तास उभे राहिलात तर कळेल, की ते बटण दाबणं हीच इथे माल विभागायची एकमेव वाट आहे. आकडा किती वेळा ते सांगतो. का, ते बघावं आणि विचारावं लागतं.

दुसरी गोष्ट कॉम्प्युटरच्या शेजारच्या वहीची. यार्डात कोणत्याही गाळ्यावर जा, मॉनिटरच्या डाव्या हाताला एक लांबट वही असते. आमच्याकडे ती रिकाम्या जाळ्यांची आहे. कोणत्या शेतकऱ्याने किती जाळ्या नेल्या, खरेदीदाराकडे किती अडकल्या, मुंबईला गेलेल्यांपैकी किती परत आल्या. जाळी फुकट येत नाही. हंगामात जाळ्या कमी पडल्या तर माल गाडीतून उतरत नाही. ह्या जाळ्यांना तुमच्या प्रोग्रॅममध्ये कुठेही जागा नाही. दुसऱ्या एका गाळ्यावर वहीत उचल, म्हणजे शेतकऱ्याने आगाऊ घेतलेले पैसे, लिहितात, कारण प्रोग्रॅम उचल एकदम पूर्ण कापून घेतो. शेतकरी मात्र सांगतो, आज निम्मी कापा, पोराची फी भरायची आहे. आडत्या ऐकतो, कारण तो शेतकरी उद्याही त्याच्याच गाळ्यावर यायला हवा असतो. तिसऱ्या गाळ्यावर आणखी काही असेल. तुम्हाला नव्या आवृत्तीसाठी खरी यादी हवी असेल तर ती फॉर्ममध्ये नाही, ह्या वह्यांमध्ये आहे. येऊन वह्या उघडा. मालकांची परवानगी घ्या आणि पानं बघा. तुमचा प्रोग्रॅम जिथे संपतो तिथून ती वही सुरू होते.

तिसरी गोष्ट नावांची, आणि इथे मला तुमची खरंच भीती वाटते. जुना डेटा नव्या आवृत्तीत घेताना ‘डुप्लिकेट काढून डेटा स्वच्छ करू’ असं तुमच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. कृपा करून असं परस्पर करू नका. गिरणारे, मातोरी, मुंगसरे, मखमलाबाद ह्या गावांतून येणाऱ्या शेतकऱ्यांत एकाच नावाचे, एकाच आडनावाचे, कधी वडिलांचंही नाव तेच असलेले लोक आहेत. जुन्या प्रोग्रॅममध्ये नावाला जागा थोडी, म्हणून आम्ही नावापुढे ‘मळा’, ‘वरची वस्ती’, ‘पिकअपवाले’ अशा खुणा तोडून-मोडून बसवल्या आहेत. बाहेरून बघणाऱ्याला त्या टायपिंगच्या चुका वाटतील. त्या काढून दोन खाती एक केलीत तर एकाची उचल दुसऱ्याच्या पट्टीतून कापली जाईल, आणि ते भांडण आमच्या गाळ्यावर होईल. शिवाय ही सगळी नावं युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. ती बदलताना रफार आणि जोडाक्षरं कुठे सरकतात ते मशीनवर सोडू नका. बदललेली नावं छापून आम्हाला द्या. आम्ही सगळ्यांना चेहऱ्याने ओळखतो, बसून तपासून देऊ.

जुन्या प्रोग्रॅममध्ये जे चांगलं आहे तेही जाता जाता सांगते, कारण जे खटकत नाही त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही आणि मग तेच नेमकं नव्यात गळून जातं. माझा उजवा हात नंबरच्या कळांवर असतो आणि डोळे लिलावाच्या कच्च्या चिठ्ठीवर. स्क्रीनकडे मी क्वचितच बघते. खातं नंबर, एंटर, मालाचा कोड, एंटर, नग, एंटर, दर, एंटर. चिठ्ठ्यांचा गठ्ठा असा खाली उतरतो. डेमोत दाखवलेल्या नव्या स्क्रीनवर प्रत्येक मालाचं छान चित्र होतं आणि त्यावर माऊसने क्लिक करायचं होतं. ते चित्र बघून मला धडकीच भरली. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या कंपनीने २०२० मध्ये टॅलीप्राइम आणलं तेव्हा रूप बरंच बदललं, पण कीबोर्डवरून काम करायची सोय काढून घेतली नाही. आमचे सीए ते वापरतात, त्यांच्याकडे पाहिलं आहे. तुम्हीही एवढं ठेवा. आणि नेट गेलं तरी पट्टी निघाली पाहिजे. संध्याकाळी सगळं यार्ड एकाच वेळी फोनवर असतं, तेव्हा रेंज कशी असते ते येऊन अनुभवा.

छपाईचंही तसंच. तुम्ही म्हणता, डॉट मॅट्रिक्स जुना झाला, छोटा थर्मल प्रिंटर घ्या, आवाज नाही, रिबन नाही. आवाजाचा त्रास मलाही होतो. पण राज्य सरकारने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान दिलं, तेव्हा शेतकऱ्याला सातबाऱ्याबरोबर विक्रीची पट्टी जोडावी लागली. ज्याने पट्टी नीट जपून ठेवली होती त्याला ती जोडता आली. थर्मल कागदावरची अक्षरं उन्हाने, घामाने, नुसत्या उष्णतेनेही उडतात. पट्टी शेतकऱ्याच्या खिशात जाते, मग गाडीच्या काचेपाशी, मग घरात पिशवीत, आणि कधीकधी वर्षानंतर लागते. ती तेव्हा वाचता आली पाहिजे. तुम्ही फक्त मेहत्याला भेटलात तर तो म्हणेल, थर्मल चालेल, आवाज तरी जाईल. म्हणून एखाद्या शेतकऱ्यालाही भेटा. पट्टी हातात आल्यावर तो आधी काय बघतो, कुठे बोट ठेवतो, घरी नेऊन तिचं काय करतो, ते त्याला विचारा.

आता जुन्या ठिगळांबद्दल. जुलै २०१६ मध्ये सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला, म्हणजे बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला, आणि आडत (विक्रीवरचं कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. प्रोग्रॅमची रचना मात्र आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची होती. तेव्हा जो अपडेट आला त्यात शेतकऱ्याच्या पट्टीवरची आडत शून्यावर बांधून टाकली आणि खरेदीदाराच्या बिलात ती ‘इतर खर्च’ या रकान्यात टाकायला सांगितली. ती आजही तिथेच आहे. आडत हे आमच्या गाळ्याचं मुख्य उत्पन्न, आणि आमच्याच अहवालात त्याचं नाव ‘इतर खर्च’. पुढच्या वर्षी, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. ताज्या भाजीपाल्यावर जीएसटी नाही, शेतमालाच्या आडतीवरही नाही. तरी एचएसएन (करासाठीचा मालाचा कोड) आणि कराचे रकाने प्रत्येक स्क्रीनवर आले आणि तेव्हापासून दर नोंदीला ते रिकामे रकाने एंटर मारत ओलांडावे लागतात. त्या वेळी घाई होती, कायदा बदलला होता, सगळीकडे एकच धावपळ होती, हे मी समजू शकते. पण आता सगळं नव्याने लिहिताना हे रकाने कुणीतरी विचार करून ठेवले असतील असं समजून जसेच्या तसे उतरवू नका.

आणि याची दुसरी बाजूही आहे. ‘सगळं जुनं फेकून कोऱ्या पाटीवर लिहू’ असंही करू नका. नेटस्केप हा एके काळचा सगळ्यात चालणारा ब्राउझर. त्यांनी जुना कोड बाजूला ठेवून सगळं नव्याने लिहायला घेतलं. चौथ्या आवृत्तीनंतर पाचवी आलीच नाही, थेट सहावी आली ती नोव्हेंबर २००० मध्ये. मधली तीनेक वर्षं गेली आणि तोवर बाजार मायक्रोसॉफ्टकडे गेला. जुन्या प्रोग्रॅममध्ये ज्या विचित्र ओळी तुम्हाला दिसतात त्यातली एखादी कुणाच्या तरी खऱ्या अडचणीतून आलेली असते. आमच्या प्रोग्रॅममध्ये हमाली पैशांत न येता पूर्ण रुपयांत येते. ती चूक नाही, हमालांशी रोखीत हिशोब मिटवताना सुट्ट्या पैशांचा घोळ नको म्हणून ती सोय कुणीतरी मागून घेतलेली आहे. कोणती ओळ ठिगळ आणि कोणती ओळ गरज, हे कोड वाचून कळणार नाही. ते यार्डात कळेल.

तर कसं बघायचं, याबद्दल माझं म्हणणं सांगते. फार गाळे फिरायची गरज नाही. वेगवेगळे पाच-सहा निवडा : एक पालेभाजीचा, एक टोमॅटोचा, एक मुंबईला माल पाठवणारा, एक छोटा जिथे मालकच पट्टी करतो. जमलं तर पिंपळगाव बसवंतला टोमॅटोच्या हंगामात एक चक्कर मारा आणि लासलगावला कांद्याचा लिलाव बघा, तिथला क्विंटलचा हिशोब आमच्यापेक्षा वेगळा आहे. पाचव्या गाळ्यापर्यंत तीच तीच गाऱ्हाणी ऐकू यायला लागतील, मग थांबा. येताना विकणारा माणूस पाठवू नका, जो कोड लिहिणार आहे त्याला पाठवा. त्याने मला ‘असं असं केलं तर आवडेल का’ असं विचारू नये. आवडेल असंच मी म्हणणार, समोरच्याच्या तोंडावर मला नाही म्हणवत नाही. त्याने विचारावं, काल शेवटची पट्टी कोणती अडली, तेव्हा काय केलं, कुणाला फोन केला. काल काय झालं हे माणूस खरं सांगतो.

तुमच्या सपोर्टच्या फोनवर बसणाऱ्या मुलांनाही त्या टेबलावर बसवा. रात्री नऊ वाजता आमचे फोन तेच घेतात. कोणत्या महिन्यात कोणता प्रश्न येतो, कोणता गाळा कोणत्या अडचणीने रडकुंडीला आला, हे त्यांना तोंडपाठ आहे. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. त्यांच्याकडे इतकी माहिती असून नवी आवृत्ती ठरवताना त्यांना कुणी विचारलं नाही, असं त्यांच्यातल्याच एकाशी बोलताना जाणवलं आणि वाईट वाटलं. आणि जे गाळे तुमचं सॉफ्टवेअर सोडून पुन्हा वहीवर किंवा एक्सेलवर गेले, त्यांच्याकडे नक्की जा. जो सोडून गेला त्याला तुमची भीड नसते.

एक अट मात्र आहे आणि ती कडक आहे. आमच्याकडे बसलात की कुणाची किती उचल आहे, कोणता खरेदीदार थकला आहे, कुणाला काय भाव मिळाला हे सगळं तुमच्या डोळ्यांखालून जाणार. यार्डात ही माहिती म्हणजे माणसाची पत असते. एका गाळ्यावर पाहिलेलं दुसऱ्या गाळ्यावर बोलायचं नाही. स्क्रीनचे फोटो काढायचे असतील तर नावं झाकून, मालकांना विचारून. ऑफिसात डेमो दाखवताना आमचा खरा डेटा वापरायचा नाही. एवढं लेखी द्या, म्हणजे मालक मंडळी दार उघडतील.

बदलाची तारीख ठरवतानाही आम्हाला विचारा. तुम्हाला १ एप्रिल सोपी वाटेल, नवं आर्थिक वर्ष म्हणून. पण ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत टोमॅटोचा जोर असतो तेव्हा तर अजिबात नको, आणि २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत पंचवटीचे रस्ते कसे असतील याचा विचार आताच करा, कारण अडलं तर तुमचा माणूस गाळ्यापर्यंत पोचणार नाही. नवं आणि जुनं काही आठवडे शेजारी शेजारी चालवा. आधी फक्त पट्टी नव्यावर घ्या, वसुली आणि खतावणी जुन्यावर राहू द्या. एकेक भाग जमला की पुढचा. दोन्हीकडे भरायला माझा वेळ जास्त जाईल, ते मला चालेल. आणि जुना सगळा डेटा आम्हाला उघडता येईल अशा साध्या फाईलमध्ये एकदा आमच्या हातात द्या. तो आमचा आहे, उद्या तुमच्याकडे राहिलो नाही तरी आमचा आहे.

ह्या सगळ्याला खर्च आहे, हे मला कळतं. तुमची दोन माणसं आठवडाभर यार्डात बसली तर तेवढे दिवस कोड लिहिला जाणार नाही. पण हॉटेलातला डेमो, छापील माहितीपत्रकं, त्यातले ग्राफ, यालाही पैसे लागलेच. मार्केटमधल्या कोणत्याही मेहत्याला विचारा, त्याने ग्राफ शेवटचा कधी उघडला होता. शेकड्याचा भाव नीट घेणारी एक पट्टी आणि जाळ्यांचा एक रकाना, एवढ्यावर यार्डातले गाळे तुमच्याकडे येतील, असं मी आमच्या ओळीतल्या लोकांशी बोलून सांगते आहे.

आमच्या मालकांशी बोलणं झालं आहे, त्यांची हरकत नाही. सुट्टीच्या किंवा मंदीच्या दिवशी येऊ नका, आवक जास्त असेल त्या दिवशी या, आणि लिलाव सुरू व्हायच्या आधी या. शेजारच्या दोन गाळ्यांवरच्या मेहत्यांनीही बसू देऊ म्हणून सांगितलं आहे. माझ्या मागे एक खुर्ची लागते तेवढी रिकामी करून ठेवते. येणाऱ्या माणसाला मराठी बोलता यावं आणि रात्री साडेनऊपर्यंत थांबायची तयारी असावी. तारीख मालकांच्या फोनवर कळवा, मी त्या दिवशीच्या कच्च्या चिठ्ठ्या, जाळ्यांची वही आणि पेनाने दुरुस्त केलेल्या पट्ट्यांच्या कार्बन प्रती काढून ठेवीन.

आपली,
भाजीपाल्याच्या गाळ्यावरची एक हिशोबनीस
मार्केट यार्ड, पंचवटी, नाशिक